मीच गं

सुतारकाकांनी आयुष्यभर लोकांची दारं बसवली, पण स्वतःचं दार कधी वाजवलं नाही. त्यांची बायको लहानपणी बाजारातल्या कत्तलीतून वाचली होती. त्या सकाळी मारेकरी दारं वाजवत आले होते. म्हणून काका किल्ली लावण्याआधी बाहेरूनच म्हणायचे, "मीच गं!" आतून उत्तर यायचं, "मग दुसरं कोण येणार आहे तडफडायला?"

उन्हाळ्यात ती गेली.

अशा कत्तलींतून वाचलेल्यांची दर महिन्याला बैठक भरायची. काका तिला आत सोडून बाहेर पायरीवर बसायचे. आज ते तिची तिथल्या खुर्चीवरची उशी न्यायला आले होते. खरं तर विचारायला आले होते, मी येत राहिलो तर चालेल का? घर खायला उठत होतं, आणि तिच्याबद्दल बोलणारी माणसं इथेच होती.

आत जुंपली होती.

"तुमचं एका सकाळीत आटोपलं," नर्सबाई बाजारातून वाचलेल्या शिंप्याला म्हणत होत्या. "आम्ही तीन दिवस पुलाखाली प्रेतांत पडून होतो."

"म्हणजे आमची माणसं काय स्वस्तात मेली?" शिंपी कडाडला.

काकांचा हात दाराकडे गेला आणि सवयीने खाली आला. "मीच आहे," ते म्हणाले.

दार उघडलं.

"अगंबाई, वहिनींचे 'मीच गं'!" नर्सबाई हसल्या. "या, या."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"'माझ्या माणसाने मला एकदाही दचकवलं नाही.' दर बैठकीला हेच. कान किटले आमचे."

काकांनी तिच्या खुर्चीवरची उशी उचलली. त्यांच्यापाशी ती हे कधी बोलली नव्हती.

"आमचे हे जिन्यापासून खोकत यायचे," नर्सबाई म्हणाल्या. "सर्दी नाही, पडसं नाही. शेजाऱ्यांना वाटे, माणूस चाललाच."

"माझी सून गाते," शिंपी म्हणाला. "गाढव बरं. पण पोरीने कधी दार वाजवलं नाही."

मघाचं भांडण मग कुणी उकरून काढलं नाही.

काकांनी उशी छातीशी धरली. "मी ना बाजारातला, ना पुलाखालचा. तरी येत जाऊ?"

"बाजारातली ती सकाळ तुमच्याच घरात नांदली की जन्मभर. ठेवा ती उशी जागेवर," शिंपी म्हणाला.

पुढच्या बैठकीला काका तापाने घरीच राहिले. संध्याकाळी जिन्यावर कुणीतरी मोठ्याने खोकलं. पाठोपाठ एका पुरुषाचं भयंकर बेसूर गाणं आलं.

काका आतून ओरडले, "या! दुसरं कोण येणार आहे तडफडायला?"