बदामीची राखणावळ आणि माझे साडेतीन इंच

मी एक जुनी कापडी टेप आहे. पुस्तकांत मला मोजपट्टी म्हणतात. पण शिवणकाम करणाऱ्या ज्या बाईंच्या गळ्यात मी माझे बरे दिवस काढले, त्या मला टेपच म्हणत, म्हणून मीही तेच नाव लावते. माझ्या अंगावर एकपासून एकशे वीसपर्यंत इंच छापलेले आहेत. त्यांतला एकही आता खरा नाही.

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेली वस्तू बहुधा आपल्या गुणांपासून सुरुवात करते. मला ते धाडस होत नाही. माझ्यामुळे एका सरळ माणसावर चोरीचा संशय घेतला गेला आणि एका घोडीची धाव कायमची थांबली. मला हात नाहीत, तोंड नाही, म्हणून माझ्यावर कोणी खटला भरला नाही. ती उणीव मीच भरून काढते आहे.

माझा जन्म एका फितीच्या कारखान्यात झाला. घट्ट विणीचे पांढरे सूत, त्यावर चकाकता लेप, त्यावर काळे आकडे आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या. बाहेर पाठवण्यापूर्वी मला एका पोलादी पट्टीशेजारी ताणून निजवले गेले. माझी प्रत्येक रेघ तिच्या रेघेला भिडली. त्या दिवसाची आठवण मला अजूनही अंगभर होते, कारण त्या दिवशी मी खरी होते.

पुढची नऊ वर्षे मी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे, आत्याबाईंकडे होते. त्या पडदे शिवत आणि बायका-मुलींचे कपडेही. पडदा चौकटीला अपुरा पडला अशी तक्रार घेऊन कोणी आले, की त्या मला गळ्यातून काढत आणि म्हणत, "खिडकीत घोळ असेल. माझ्या टेपेत घोळ नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटे. कोणी माझ्या भरवशावर भांडायला उभे राहते, यापेक्षा मोठा मान एका फितीला कुठला? नंतर नवी टेप आली आणि मी बटणांच्या डब्यात गेले. तिथून मला त्यांच्या भाचीने उचलले.

ही भाची पंधरा वर्षांची होती आणि तिला घोड्यांचे वेड होते. जिथे ती घोडेस्वारी शिकली, ती शाळा बंद पडली, आणि तिथली बदामी रंगाची एक पोक्त घोडी विकायला निघाली. मुलीने आठवडाभर घरात अन्नाला नावे ठेवली नाहीत, भांडीसुद्धा न सांगता घासली. अखेर तिचे बाबा विरघळले. घोडीचे नाव रंगावरूनच पडलेले होते, बदामी.

घरात घोडी बांधता येत नाही. शहराच्या कडेला अकरा ठाणांचा, म्हणजे अकरा घोडे बांधण्याच्या जागांचा, एक तबेला होता. तो चालवणारे गृहस्थ आयुष्यभर घोड्यांची देखभाल करत आले होते, म्हणून लहानथोर सारे त्यांना मोतद्दारकाका म्हणत. दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची आणि घोडी सांभाळायची, असा व्यवहार होता. काका त्या रकमेला राखणावळ म्हणत.

राखणावळ थोडी नव्हती. बाबा नळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. नळीचा व्यास केसभर कमी भरला तरी ती बाजूला काढणारे. त्यांनी मुलीला स्पष्ट सांगितले, "सहा महिने बघू. पैसे अंगी लागताना दिसले तर ठेवू इथे. नाहीतर दुसरी जागा शोधू."

"अंगी लागलेले कसे दिसणार?" मुलीने विचारले.

"मोजून," बाबा म्हणाले.

अशी मी पुन्हा कामाला लागले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी, काका जेवायला घरी गेले की, मुलगी माझे एक टोक धरी आणि बाबा दुसरे टोक बदामीच्या पुढच्या पायांमागून, पोटाखालून फिरवून आणत. पहिल्या वेळी मी बहात्तर इंच सांगितले. ते खरे होते. माझे ते शेवटचे खरे बोलणे.

त्या दिवशी मला घोडीचा घाम आणि धूळ लागली. बाबा स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी मला कढत पाण्यात साबण घालून चोळले, पिळले आणि न्हाणीघरातल्या उंच खिळ्याला टांगले. ओली फीत वाळताना सुरकुतते, म्हणून माझ्या खालच्या टोकाला त्यांनी बदामीची एक जुनी लोखंडी नाल अडकवली. दोन दिवस मी तशी लोंबत होते. लेप पाण्याबरोबर निघून गेला होता आणि माझे धागे एकमेकांचा हात सोडत होते. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला खाली काढले आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मी सुळसुळीत, सरळ दिसत होते. मी लांबले होते, हे मला कळले; पण लांबलेल्या फितीवर आकडे तेच राहतात. माझ्याजवळ बोलायला आकड्यांखेरीज भाषा नव्हती, आणि नेमके तेच आता खोटे झाले होते.

दर महिन्याला हेच घडले. मोजणे, धुणे, नाल. मी जितकी ताणली गेले, तितकी घोडी माझ्या लेखी बारीक होत गेली. साडेएकाहत्तर. एकाहत्तर. साडेसत्तर. मुलगी वहीत आकडे लिही आणि दर वेळी पेन जरा जास्त वेळ हातात धरून बसे.

मधल्या काळात एक गमतीची गोष्ट घडली. तिच्यातच सगळ्यांची सुटका होती. पण ती हसण्यावारी गेली. बाबांनी एकदा सहज स्वतःची कंबर मोजली.

"बघ, अडतीसची सदतीस झाली. जिने चढतो त्याचा गुण."

"बाबा, पण पँटचं बटण अजून रडतंय."

"पँट आटली असेल धुऊन."

मी आतल्या आत विनवत होते की, पँटचे ऐका. ती गरीब होती, पण खरे सांगत होती. मित्रांनो, जे माप आपल्याला आवडते त्याच्याविषयी शंका घेण्याची सवय फार थोड्यांना असते. बाबा त्या दिवशी शीळ घालत कामाला गेले.

पाचव्या महिन्यातल्या रविवारी मी सत्तर सांगितले. त्या दिवशी बाबा काका परत येईपर्यंत थांबले.

"काका, एक विचारतो. राग मानू नका."

"विचारा की साहेब."

"हिला चंदी किती घालता रोज?"

चंदी म्हणजे घोड्याचे दाणे. काका हात पुसत म्हणाले, "सकाळी दोन मापं, संध्याकाळी दोन. तुमची लेक संध्याकाळी असतेच इथं. हात मारते डब्यात."

"मग ती जाते कुठे?" बाबांनी वही उघडली आणि पाचही आकडे सावकाश वाचले.

काकांनी वहीकडे पाहिले नाही. ते ठाणात शिरले आणि बदामीच्या बरगड्यांवरून त्यांनी पंजा फिरवला. "बरगडी हाताला लागत नाही साहेब. लागली असती तर मीच आलो असतो तुमच्याकडं सांगायला."

"हाताला आकडे नसतात, काका."

"नसतात खरे." काका ठाणातून बाहेर आले. "तुम्ही मला तोंडावर चोर म्हणा. म्हणजे मला काही उत्तर तरी देता येईल."

"मी तसं कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीत. मोजलंत. तेही मी घरी असताना."

मुलीच्या हातात माझे टोक होते. ते ती बोटाभोवती गुंडाळत होती. रोज संध्याकाळी ती याच घोडीच्या पाठीला खरारा करत होती. बदामी भरलेली आहे हे तिच्या तळहातांना ठाऊक होते. पण बाबांनी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती म्हणाली, "आकडे बरोबर आहेत. मीच लिहिलेत." ती खोटे बोलली नाही. मीच तिच्या तोंडून बोलले.

पुढच्या आठवड्यात बदामी शहराबाहेरच्या एका कुरणात गेली. तिथली राखणावळ निम्मी होती. गवत मुबलक, कुंपण भक्कम, पाण्याची टाकी भरलेली. बदामी दिवसभर चरत राही आणि गोल होऊ लागली. महिन्याने मला पुन्हा तिच्याभोवती गुंडाळले गेले. मी साडेसत्तर सांगितले.

"बघ," बाबा समाधानाने म्हणाले, "निम्म्या पैशात अर्धा इंच वाढली."

त्याच वेळी बदामी पुढचा डावा पाय जमिनीवर नीट टेकवत नव्हती. मी पोटाभोवती होते. पायापर्यंत मला कोणी नेले नाही.

मोतद्दारकाका रोज संध्याकाळी अकरा घोड्यांच्या चव्वेचाळीस टापा एकेक करून मांडीवर घेत आणि लोखंडी आकडीने साफ करत. ते काम त्यांनी कधी सांगितले नाही, राखणावळीत त्याचे वेगळे नाव नव्हते, आणि माझ्यासारख्या टेपेला ते मोजता येण्याजोगे नव्हते. कुरणात ते करणारे कोणी नव्हते. बदामी लंगडू लागल्यावर बाबांनी कुरणवाल्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "गवत दिलं, पाणी दिलं. टापा बघायचं आपलं ठरलं नव्हतं." त्यात चूक काढायला जागा नव्हती.

नालबंद आला. त्याने टाप उचलली, सुरीने थोडी खरवडली, आणि आतून पू आला. एक टोकदार खडा आठवडेच्या आठवडे आत रुतत गेला होता.

"रोज कोणी पाय उचलला असता तर हा नुसत्या बोटानं निघाला असता," तो म्हणाला. "आता जखम भरेल. ही चालेल. पण पळवू नका हिला, यापुढं कधीच."

मुलगी रडली नाही. तिने वही पिशवीत ठेवली, मला वहीवर ठेवले आणि पिशवी बंद केली.

त्याच सुमारास आत्याबाईंनी भाचीसाठी एक सदरा शिवायला घेतला. त्यांची नवी टेप कापडांच्या ढिगाखाली कुठे तरी गडप झाली होती. त्यांनी भाचीच्या पिशवीतून मला काढले. ओळखीच्या हातांत आल्यावर मला बरे वाटायला हवे होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी छाती, खांदा, कंबर मला लावून मोजली आणि कापड मात्र बेतले ते टेबलाच्या कडेला ठोकलेल्या छत्तीस इंची पितळी गजावर. चार दिवसांनी सदरा अंगात घालताना शिवण चरचरली.

"श्वास आत घे," आत्याबाई म्हणाल्या.

"घेतलाय आत्या. आता सोडायची भीती वाटतेय."

आत्याबाईंनी चष्मा पुसला. "चाळीस वर्षांत माझं छातीचं माप चुकलं नाही." मग त्यांनी मला उचलले आणि गजाशेजारी निजवले. माझा छत्तीसचा आकडा गजाच्या टोकापलीकडे चांगला इंचभर जाऊन पडला. नवी टेप शोधून त्यांनी मला पूर्ण लांबीभर मोजले. मी साडेतीन इंच जास्त भरले.

बाबा मुलीला न्यायला आले तेव्हा मी टेबलावर तशीच पसरलेली होते.

"काय केलंस रे हिचं?" आत्याबाईंनी विचारले. बाबा त्यांचे धाकटे भाऊ.

"काही नाही ताई. धुतली."

"कशानं?"

"गरम पाण्यानं. सुरकुत्या पडू नयेत म्हणून खाली नाल अडकवायचो." ते बोलता बोलता थांबले.

"कितीदा?"

"दर महिन्याला."

"कारखान्यातली मापं तपासता का रे तुम्ही कधी?"

"दर सोमवारी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला नीटसा ऐकू आला नाही.

मुलीने वही काढली होती. धुण्यागणिक वाढलेला ताण हिशेबात धरून ती प्रत्येक आकड्याखाली खरा आकडा मांडत होती. पाचही ठिकाणी बहात्तर आले. सहाव्या ठिकाणी त्याहून थोडे जास्त. "काका बरोबर होते," ती म्हणाली. "आणि मला माहीत होतं, बाबा. मला हाताला कळत होतं." तिने डोळे वर केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे तबेल्यात गेले. मी बाबांच्या खिशात होते. बदामीच्या ठाणात आता एक पांढरा घोडा उभा होता. काका गवताचा भारा सोडत होते. बाबांनी मला खिशातून काढले आणि दोन्ही हातांवर धरून त्यांच्यापुढे केले, जणू मला पाहिले की सगळे कळणार होते.

"काका, टेप खोटी निघाली. ताणली गेली होती. आमचंच चुकलं."

काकांनी विचारले, "घोडी कशी आहे?"

मुलीने सांगितले, खडा, पू, नालबंदाचे शब्द, सगळे. काकांनी भारा खाली ठेवला. मग त्यांनी मला हातात घेतले. त्यांचा अंगठा खरखरीत होता. त्यांनी मला दोन बोटांत धरून जरासे ओढून पाहिले आणि परत दिले.

"हिचा काय दोष," ते म्हणाले. "हिला ओढली, ही लांबली. तुम्ही मात्र साहेब..." आत जाऊन ते खूर साफ करण्याची आकडी आणि औषधाची बाटली घेऊन आले.

"काका, राखणावळ जी म्हणाल ती," बाबा म्हणाले.

"ते नंतर बघू. आधी टाप बघू."

पुढचे दोन महिने काका रोज कुरणात जाऊन आले. नंतर एक ठाण रिकामे झाले आणि बदामी परत आली. जखम भरली. ती आता चालते. मुलगी तिच्या पाठीवर बसत नाही, शेजारून चालते. बाबा पहिल्या तारखेला राखणावळ देतात आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ थांबून काकांना टापा साफ करताना पाहतात. काका त्यांच्याशी बोलतात, पण पूर्वीसारखे "बसा की साहेब" म्हणत नाहीत.

मित्रांनो, राखणावळीचे मोल पदरात पडते की नाही, हा प्रश्न वाईट नव्हता. ज्याला कष्टाचे पैसे द्यायचे आहेत, त्याने तो विचारलाच पाहिजे. पण ज्या मापाने तुम्ही एखाद्या माणसाला मोजणार आहात, ते माप आधी कुठल्या तरी खऱ्या पट्टीशेजारी ठेवून पाहा. त्या माणसासमोर ठेवून पाहा. आणि मोजता मोजता तुमचा हात काही वेगळे सांगू लागला, तर घटकाभर थांबून त्याचेही ऐका.

काकांनी मला निर्दोष ठरवले. तेवढ्यावर मी समाधान मानायला हवे, असे तुम्ही म्हणाल. पण मला दुसऱ्या एका गोष्टीची टोचणी लागून राहिली आहे. बदामीभोवती मला शेवटचे गुंडाळले, तेव्हा तिचा श्वास माझ्या धाग्यांखाली उथळ आणि घाईचा चालला होता. तिला दुखत होते. मला ते कळले होते, आणि मी अर्धा इंच वाढ सांगितली.