तिसरी चांदणी आणि माझ्यावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. पलंगावरची नव्हे हं, टेबलावरची. हा फरक आधीच सांगून टाकते, कारण नुकतंच एका मुलीने मला 'बेडशीट' म्हटलं आणि ते अजून माझ्या मनात सलतंय. मी पांढरी आहे. म्हणजे होते. आता सायीच्या रंगावर गेले आहे, आणि डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक तपकिरी डाग आहे. मागच्या आठवड्यात तो डाग कायमचा घालवायचं ठरलं होतं. त्याचं काय झालं ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगावं लागेल.

माझा जन्म मुंबईच्या एका गिरणीतला. मोझेल नावाच्या मुलीने लग्नाआधी मला विकत घेतलं आणि माझ्या चारी काठांना निळ्या दोऱ्याने टाके घातले. मोझेल आणि तिचा नवरा हायम आवासकर हे अलिबागकडचे ज्यू. घरात बोलणं अस्सल मराठी, जेवणात नारळाच्या दुधातली माशांची आमटी, आणि प्रार्थना हिब्रू. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी संध्याकाळी संपतो. तेवढ्या वेळात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, काम करायचं नाही.

हायम जहाजावर इंजिनिअर होते. सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीवर नोकरी लागली तशी मोझेलने मला ट्रंकेत घातलं आणि आम्ही इथे आलो. आंग मो किओ या वस्तीत नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. दर शुक्रवारी मला टेबलावर अंथरायचं, वर दिवे ठेवायचे, काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात ओतायचं. पाहुणे माझा काठ हातात घेऊन म्हणायचे, "काय सुबक टाके आहेत." मी फुगून जायची. खोटं कशाला बोलू?

माझी ही ऐट मोडली सायमनने. सायमन म्हणजे मोझेलचा थोरला, तेव्हा दहा वर्षांचा. हायमनी जपानच्या एका बंदरातून जुना प्रोजेक्टर आणला होता, लहान रिळांचा. घराच्या भिंती हिरव्या, त्यावर चित्र कसं दिसणार? सायमनची नजर माझ्यावर पडली.

"शब्बाथची चादर आहे ती," मोझेल म्हणाली.

"पण शब्बाथ संपल्यावर तिला दुसरं काम काय असतं, आई?"

मोझेलला हसू आलं, आणि माझं नशीब फिरलं. दर शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या कॉरिडॉरच्या टोकाला मला टांगू लागले. शब्बाथात गाठ मारायची नाही, म्हणून दोरी कायमचीच बांधलेली असायची आणि मला कपड्यांचे चिमटे लावायचे. टांगायला मोझेलची हरकत नव्हती. प्रोजेक्टर मात्र आकाशात तीन चांदण्या दिसल्याशिवाय पेटवायचा नाही. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपला, हा त्यांचा पूर्वापार नियम.

आता सिंगापूरचं आभाळ तुम्हाला माहीत आहे. दहा दिवसांतले आठ दिवस ढगांनी भरलेलं. मजल्यावरची पोरं आपापली स्टुलं घेऊन सहा वाजल्यापासून यायची, चिनी, मलय, तमिळ, सगळी. चांदण्यांचा पत्ता नसायचा. "स्टार्ट ला, सायमन," म्हणून इथल्या इंग्रजीत गलका व्हायचा. पोरं उठून जाऊ नयेत म्हणून सायमन माझ्यापुढे उभा राहायचा आणि अजून न दिसलेल्या सिनेमाची गोष्ट सांगू लागायचा. इथे घोडा येतो, इथे पूल कोसळतो, इथे म्हातारा रडतो. माझ्यावर काही नसायचं, पण पोरं माझ्याकडे डोळे फाडून बघायची. कधीकधी चांदण्या उगवल्या तरी कुणाचं लक्ष नसायचं. खरा सिनेमा मग फिका वाटायचा, हे मी आतली म्हणून सांगते.

एकदा मात्र हायमची बोट दूरच्या बंदरात दुरुस्तीला अडकली. अकरा महिने ते घरी आले नव्हते. शेवटचे दोन महिने तर पत्रही नव्हतं. मोझेल बोलायची नाही, पण मला इस्त्री करताना एकाच जागी इस्त्री फिरवत राहायची. धाकटी हन्ना तीन वर्षांची. बाबा म्हणजे कोण हे तिला फोटो दाखवून शिकवावं लागत होतं.

अशा एका शनिवारी दुपारी हायमचे सोबती निशिकांत दारात उभे राहिले. बोटीवरून सुटून आले होते. "वहिनी, हायम ठणठणीत आहे," ते म्हणाले. "माझ्या सांगण्यावर विश्वास बसायचा नाही, म्हणून हे आणलंय. मीच काढलंय." आणि त्यांनी एक रीळ टेबलावर ठेवलं. साडेतीन मिनिटांचं, मुकं. ते ठेवून बिचारे आपल्या घरी गेले.

टेबलावर म्हणजे माझ्याच अंगावर. त्या रिळात तिचा नवरा होता, आणि शब्बाथ संपायला अजून चार तास होते.

ते चार तास मोझेलने कसे काढले ते मी पाहिलं आहे. खुर्चीत बसायची, उठायची, दारात जायची, परत यायची. संध्याकाळी मला टांगलं. पोरं जमली. आभाळ गच्च होतं. बऱ्याच वेळाने एका फटीत एक चांदणी दिसली, मग दुसरी. तिसरी काही दिसेना. सायमन गोष्ट सांगत होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज सारखा अडखळत होता. हन्ना पेंगू लागली. सरबताचा पेला हातात घेऊन मोझेल माझ्या डाव्या बाजूला कठड्याशी उभी होती. शब्बाथ सरला की त्या पेल्यावर प्रार्थना म्हणायची असते.

आणि मोझेल एकदम म्हणाली, "ती बघा. तिसरी दिसली."

मित्रांनो, ती चांदणी नव्हती. ते विमान होतं. त्या काळी विमानतळ आमच्याजवळच होता, आणि समोरून येणारं विमान बराच वेळ एका जागी टांगल्यासारखं दिसतं. कुणाचीही चूक झाली असती. पण मोझेल रोज त्याच कठड्याशी कपडे वाळत घालायची. तिला विमान ओळखता येत नव्हतं असं मी तरी म्हणणार नाही.

तिने घाईघाईने प्रार्थना म्हटली. पेला कलंडला आणि सरबत माझ्या डाव्या कोपऱ्यावर सांडलं. एवढ्यात तिसरी चांदणी हलली, मोठी झाली, आणि घरघर करत इमारतींच्या मागे उतरली. पोरांचं तिकडे लक्ष नव्हतं. सायमनचं होतं. त्याने विमानाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि प्रोजेक्टरचं बटण दाबलं.

माझ्यावर हायम उमटले. दाढी वाढलेली, अंगावर तेलकट बॉयलर सूट, हातात सरबताचा ग्लास. शुक्रवारची मावळती असावी. ते हसत होते आणि काहीतरी बोलत होते, पण रीळ मुकं. सायमन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि बाबांच्या ओठांबरोबर बोलू लागला. "मोझेल, मी मजेत आहे. हन्ना, मी तुझा बाबा. सायमन, आईला त्रास देऊ नकोस. पुढच्या महिन्यात मी येतोय." हन्ना खडबडून उठली, पळत माझ्याकडे आली आणि दोन्ही हात माझ्यावर टेकवले. बापाचा चेहरा तिच्या हातांवर पडला होता. मी खूप मेजवान्या पाहिल्या, पण त्या दोन इवल्या हातांइतकं सुख मला कशानेच दिलेलं नाही.

ते रीळ नऊ वेळा दाखवलं. हायम पुढच्या महिन्यात काही आले नाहीत, चार महिन्यांनी आले. पण आले. पुढे ते म्हातारे होऊन, नातवंडं खेळवून सुखाने गेले. सायमन मोठा झाला आणि सिनेमे काढू लागला. आज त्याची स्वतःची कंपनी आहे, थिएटरं आहेत, वर्तमानपत्रं त्याला चित्रपटसम्राट म्हणतात. मी मात्र कपाटात गेले. मोझेलने मला त्या संध्याकाळनंतर टेबलावर कधी घातलं नाही. लिंबू, मीठ, साबण, सगळं करून पाहिलं, डाग निघाला नाही. शेवटी घडी घालून तळाला ठेवलं. तब्बल सेहेचाळीस वर्षं. कसरीची भीती आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, एवढंच माझं आयुष्य झालं.

मागच्या आठवड्यात कंपनीतून चैताली आली. पुण्याची मुलगी, इथेच शिकली. सायमनच्या बालपणाचं प्रदर्शन भरवायचं होतं. मला बेडशीट म्हणणारी तीच.

"आजी, ही सरांची पहिली स्क्रीन ना? ग्लासच्या फ्रेममध्ये लावू. डाग राहू दे, ऑथेंटिक वाटतो."

मोझेलचा चेहरा उतरला. "डाग नको," ती म्हणाली. "आधी धुवायला दे. पार काढून टाक म्हणावं, कापड विरलं तरी चालेल." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. त्र्याऐंशी वर्षांची बाई, आणि त्या डागाकडे कुणी बोट दाखवलं की तिची लबाडी उघडी पडेल असं तिला वाटत होतं. मी विरायला तयार होते. पण त्या डागासकट गेले तर बरं, असं माझ्या मनात आलं.

मला न्यायचं होतं त्या शुक्रवारी सायमन स्वतः आला. चैतालीने मला पिशवीत भरलं होतं. त्याने मला बाहेर काढलं, उलगडलं आणि डागावर बोट ठेवलं.

"हा का काढायचा, आई?"

मोझेलने खाली वाकून डागाची कड चाचपली. मग म्हणाली, "तिसरी चांदणी नव्हती रे ती."

"विमान होतं. मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी. मला वाटलं, आई एवढी नियमाची, आणि आज बाबांसाठी तिने विमानाला चांदणी म्हटलं. मला तू तेव्हा जेवढी आवडलीस ना, तेवढी कधीच नाही." त्याने डागावरचं बोट उचललं. "आणि मी तरी काय केलं? बाबा काय बोलत होते ते मला कुठे कळत होतं? पुढच्या महिन्यात येतोय, ही थाप माझी."

मोझेलने मान वर केली. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "ते मला तेव्हाच कळलं होतं. नवऱ्याचे ओठ मला वाचता येत नाहीत होय? ते म्हणत होते, पुरे कर रे निशिकांत, सरबत सांडतंय."

दोघंही हसता हसता रडली. चैतालीने पिशवी घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली. मग सूर्य मावळायच्या आत मोझेलने मला टेबलावर अंथरलं. हात फिरवून सुरकुत्या काढल्या, दिवे लावले, पेला भरला आणि नेमका त्या डागावर ठेवला.

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या कापडांना जपा, एवढंच मागणं. पण जपणं म्हणजे घासून कोरं करणं नव्हे. डाग दिसला की आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा कधी पडला? आणि ते गप्प राहिले तर शेजारी बसा, घाई करू नका. काल शनिवार होता. आभाळ भरलेलं होतं. मोझेल आणि सायमन कठड्याशी खुर्च्या टाकून तिसरी चांदणी दिसेपर्यंत बसून होते.