भाड्याच्या दारांवरचं कुलूप

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. कोणी काही सांगितलं की लगेच मान डोलावणाऱ्यांच्या घरी चोऱ्या होतात, हे मी अनुभवाने सांगतो.

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझा जन्म अलीगढचा. ज्या पितळेतून मला घडवलं ते एका राजाच्या तोफेचं होतं. ती तोफ आयुष्यात एकदाच उडाली आणि शत्रू अजून पळतो आहे. माझ्या पोटात लिव्हर आहेत आणि प्रत्येक लिव्हर शेजारच्यावर नजर ठेवून असतो. माझ्याबरोबर दोन जुळ्या किल्ल्या आल्या. एक धन्याच्या खिशात गावभर हिंडते. दुसरी जन्मभर घरातच, दारामागे चिकटवलेल्या हुकाला लटकते. आत्ताही ती माझ्या शेजारीच आहे आणि मी बोलायला लागलो की उगाच किणकिणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

आमचा धनी सत्यजीत, बेलापूरला नोकरीला. त्याची बायको नीता शाळेत शिकवते. लग्नानंतर त्यांनी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे मी. "भाड्याच्या घराला कुलूप आपलं असावं," असं नीताच्या वडिलांनी बजावलं होतं. "घरमालकाच्या कुलपाची तिसरी किल्ली कोणाकडे असेल, सांगता येत नाही." असा शहाणा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग काय, खांदा कॉलनी झाली, कामोठे झालं. करार अकरा महिन्यांचा. नव्या कडीची सवय होते न होते तोच टेम्पो दारात. पंखे, नळ, खिडक्या मागे राहायच्या आणि मी मात्र सोबत निघायचो. कामोठ्याला एक चोर आला होता. दुपारभर माझ्याशी झटला, मग पायरीवर बसून रडला आणि तिथूनच थेट नोकरी शोधायला गेला. आता तो बँकेत आहे, असं ऐकतो.

शेवटी आम्ही रोडपालीला आलो. कमळाकरकाका आणि भामाकाकू यांचं तीन मजली घर. पूर्वी त्यांची शेती होती. ती गेली आणि राहिलेल्या जागेवर हे घर उभं राहिलं. खाली ते राहतात, वरच्या मजल्यावर आम्ही. पहिल्याच दिवशी भामाकाकूने दारात उभं राहून सांगितलं, "बाय, भितीला खिला ठोकाचा नाय. नवीन गिलावा हाय."

झालं. नीताने वडिलांचा फोटो साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. ते नुकतेच वारले होते. रोज सकाळी ती कपाट उघडून साडीची घडी बाजूला करायची, बघायची आणि पुन्हा झाकायची.

आणि तेव्हापासून मी भामाकाकूवर नजर ठेवून होतो. जिन्याने गच्चीवर जाताना ती दर वेळी आमच्या दाराशी थबकायची. कधी आतल्या नळाचा आवाज ऐकायची, कधी मला बोटाने हलवून बघायची. मालकीणच ती. कुलूप हलवून बघणारी माणसं कोण असतात, ते मी वेगळं सांगायला नको.

यंदा विमानतळ सुरू झालं आणि सगळ्यांचीच चाल बदलली. करार संपत आला तसे कमळाकरकाका वर येऊन म्हणाले, "सत्यजीतभाऊ, आता सगलीकडं भाडा वाढलाय. आमाला पन बघाला लागंल." चहा न घेताच गेले. चहा न घेणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच.

नीता म्हणाली, "बास झालं. लहान असू दे, लांब असू दे, पण स्वतःचं घर घेऊ. मला एक खिळा ठोकायचाय."

"त्या एका खिळ्यासाठी मी साठीपर्यंत हप्ते भरू?" सत्यजीत म्हणाला. पण त्याच आठवड्यात त्याने बिल्डरला फोन केला.

रविवारी सकाळीच बिल्डरची गाडी दारात आली आणि हॉर्न वाजवायला लागली. फुकट नेणार, फुकट आणणार, वर सामोसा. मला तिथेच वास आला. म्हणून मीही निघालो, नीताच्या पर्समध्ये बसून. कसा ते विचारू नका. कर्तबगार माणसं कुठेही जातात.

पळस्प्याच्या पुढे एका उघड्या माळावर, एकट्या एका फ्लॅटला रंग देऊन, पडदे लावून सजवलं होतं. बाकी इमारत अजून कागदावरच. नमुन्याचा फ्लॅट म्हणतात त्याला. मी पर्सच्या चेनमधून बघत होतो. कोट घातलेली मोनाली नावाची मुलगी हसत हसत खोल्या दाखवत होती.

"मॅडम, बेडरूम बघा. डबल बेड ठेवूनही फिरायला किती जागा. एअरपोर्टमुळे रेट रोज वाढतोय. आज टोकन दिलंत तर रेट लॉक होतो."

आमच्या धंद्याचं नाव इतक्या स्वस्तात वापरलेलं मला आवडलं नाही.

इतक्यात माझ्या शेजारी फोन थरथरला. पडद्यावर भामाकाकूचं नाव. नीताने पाहिलं आणि म्हणाली, "भाड्याचंच असणार. नंतर बघू." फोन पुन्हा वाजला, मग पुन्हा. मी म्हटलं, बरोबर आहे, मुळीच उचलू नकोस.

सत्यजीतने खिशातून पेन काढलं. नीताने चेकबुक काढायला पर्समध्ये हात घातला. आता मात्र मला राहवेना. मी उसळी मारली, छताला टेकलो, तिथून सूर मारला आणि त्या गुबगुबीत पलंगावर आदळलो. चादर फाटली आणि मी आरपार खाली. आत लाकूड नव्हतं, गादी नव्हती. खोकी होती, पुठ्ठ्याची.

मग सत्यजीत त्या पलंगाशेजारी जमिनीवर आडवा झाला. त्याचे पाय गुडघ्यापासून पुढे पलंगाच्या टोकापलीकडे. कपाट उघडलं तर आत जेमतेम वीतभर जागा. सगळं सामान लहान केलं होतं, म्हणून खोली मोठी दिसत होती.

"हा पलंग आखूड आहे," सत्यजीत पडल्या पडल्या म्हणाला.

"सर, तो कॉम्पॅक्ट लाइफस्टाइलसाठी आहे."

"माझे पाय कॉम्पॅक्ट नाहीत हो."

नीताने विचारलं, "इथे आमचा पलंग ठेवला तर दार उघडेल?"

मोनालीने दाराकडे पाहिलं. "बाहेरच्या बाजूला उघडता येईल, मॅडम."

चेकबुक परत पर्समध्ये गेलं, मीही गेलो. परतताना गाडीत कोणी सामोसा विचारला नाही.

संध्याकाळी घरी पोहोचलो तर काय बघतो? भामाकाकू नवं लुगडं नेसून, केसांत गजरा माळून आमच्याच उंबऱ्यावर बसलेली. कशाला बसली असेल, तुम्हीच समजा. मला पाहताच ती दचकून उठली. नीताने तिला पुठ्ठ्याच्या पलंगाची आणि साडीतल्या फोटोची सगळी हकिकत सांगितली. तेव्हा काकू म्हणाली, "बापाचा फोटो लावाला कोनी घर इकत घेतं का? ठोक खिला. मी हातोडी आनते." भाडंही थोडंच वाढवलं. माझा धाकच तसा आहे.

तर मित्रांनो, शेवटी एकच विनंती. कुलपाला पावसाळ्याआधी तेलाचे दोन थेंब घाला, आणि घर भाड्याचं असो की मालकीचं, आपल्या कुलपाशिवाय कोणावर विश्वास…

"थांब," शेजारून किल्ली म्हणाली. "तू पर्समध्ये होतास, तर त्या दिवशी दाराला काय होतं?"

मी म्हटलं, कडी होती.

"तीही नव्हती. हॉर्नच्या घाईत नीताने तुला दाराऐवजी पर्समध्ये टाकलं आणि दार नुसतं ओढून घेतलं. वाऱ्याने ते सताड उघडलं. मी हुकावरून बघत होते. भामाकाकू गव्हाणला भाचीच्या हळदीला निघाली होती. दार उघडं दिसलं तशी नीताला फोन लावत राहिली. काका म्हणाले, 'आपला कुलूप लाव नि चल.' काकू म्हणाली, 'आपला कुलूप बघून त्यांना वाटंल, भाड्यावरून भायेर काढला. तुमी जा हळदीला, मी बसते.' आता सांग तुझ्या या मित्रांना, ती उंबऱ्यावर कशाला बसली होती."