लिली हातात घेतलेला मृत्यू

पडदा सरकला आणि सगळं चर्च ‘आहाहा’ करून उठलं. गावातली मढी धुणाऱ्या क्रेसेन्सच्या कपाळावर मात्र आठी चढली.

भिंतीवरचा जुना मृत्यू, विळा घेतलेला सांगाडा, म्युनिकहून आलेल्या लोरेन्झ चित्रकाराने खरवडून टाकला होता. त्याच्या जागी आता पांढऱ्या पंखांचा देवदूत होता. हातात लिली, गालांवर लाली, आणि आजारी मुलाच्या उशाशी असा वाकलेला की जणू अंगाईच म्हणतोय. मरण म्हणे गोड! गेल्या वर्षी पटकीने गेलेली एकवीस माणसं क्रेसेन्सने आपल्या हातांनी धुतली होती. काळेनिळे ओठ, खोबणीत गेलेले डोळे, अंथरुणातून जमिनीवर गळणारी घाण. त्यात लिली कुठे होती? त्या गुळमट चित्राची तिला शिसारी आली.

मग तिला देवदूताच्या हनुवटीवरचा व्रण दिसला. तो अफ्राचा होता, त्याच पटकीने नेलेल्या तिच्या लेकीचा. लहानपणी लाकडांच्या ढिगावरून पडली होती, तेव्हाचा.

“माझ्या पोरीचं तोंड लावलंस याला?”

“साथ येण्याआधी तिला बसवून रेखाटलं होतं, क्रेसेन्सबाई,” लोरेन्झ म्हणाला. “इतका निर्मळ चेहरा दुसरा मिळेना. अमर झाली तुमची अफ्रा.”

“अमर? तिला माणसं न्यायला उभी केलीस! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला!”

गिरणीवालीने आपलं पोर झग्याआड ओढलं. “जाऊ नको तिच्याजवळ. मरणाची आई आहे ती,” असं तिने चांगलं ऐकू जाईलसं म्हटलं.

गावात दहा वर्षांनी कबर उकरत, कवटी उन्हात पांढरी करत, आणि अस्थिगृहात ठेवण्याआधी कपाळावर नाव आणि फुलांची माळ रंगवत. ते रंगकाम क्रेसेन्सचं. नवऱ्याची कवटीही तिनेच रंगवली होती. पण पटकीची मढी चुन्याच्या खड्ड्यात गेली होती आणि तो खड्डा कधीच उकरायचा नाही, असा सरकारी हुकूम होता. अफ्राची कवटी तिच्या हाती येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपली, तशी ती शिडी आणि चुन्याची बादली घेऊन आली. आधी पंख पुसले, मग लिली, मग ते आजारी मूल. बादली पडल्याच्या आवाजाने पाद्रीबाबा धावत आले.

“अगं बये, काय केलंस हे! सगळं घालवलंस!”

“सगळं नाही.”

पांढऱ्याफटक भिंतीवर एकटा चेहरा उरला होता. क्रेसेन्सने खिशातून बारीक कुंचला काढला, काळ्या रंगात बुडवला आणि कपाळावर नाव लिहिलं: अफ्रा.

“खाली उतर, क्रेसेन्स,” पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

“थांबा जरा, बाबा,” ती म्हणाली. “माळ राहिलीय.”