बंद केलेला फोन

मोबाइल दुरुस्तीचं दुकान प्रणितचं आणि डोकं पायलचं. अख्ख्या कुरखेड्याला हे ठाऊक होतं, फक्त प्रणितला मान्य नव्हतं.

२०१० सालची गोष्ट. विंडोजच्या जुन्या फोनवर जो अँड्रॉइड चालवून दाखवेल त्याला नोकरी, असं नागपूरच्या एका कंपनीनं जाहीर केलं. पायल तीन महिने त्या फोनशी झगडली. आधी पडदा काळा, मग आवाज बंद, मग बोट इकडे ठेवलं की तिकडे दाबलं जायचं. शेवटी चाललं एकदाचं. त्याच संध्याकाळी प्रणितनं तो चालू फोन उचलून खिशात घातला.

"उद्या मीच जातो नागपूरले."

"प्रणितभाऊ, काम मी केलं."

"दुकान कोनाचं? कम्प्युटर कोनाचा? पेचकस पकडला म्हणून इंजिनेर झाली का वं तू?"

पायलच्या जिभेवर एक गोष्ट आली होती. अँड्रॉइड अजून फोनच्या पोटात बसलंच नव्हतं, मेमरी कार्डावरून चालत होतं. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की जुनी विंडोजच उठायची, मग कार्डातली एक फाईल आपल्या हातानं चालवावी लागायची. तिनं ते गिळलं. जा मेल्या, कळेल तुझं तुला.

नागपूरची गाडी जंगलात शिरली की कुरखेड्याची माणसं फोन बंद करतात. रेंज शोधता शोधता बॅटरी संपते ना! प्रणित तरी कुठला वेगळा?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मोबाइलवर नागपूरचा नंबर आला.

"पायल, जुनंच दिसून राह्यलं ना वं! साहेब समोर बसून आहे. काय दाबू?"

"बंद केला होता?"

"जंगलात केला. त्याचं काय?"

"साहेबाले फोन द्या. त्यायलेच सांगीन."

"त्यायले काऊन? हात जोडतो, मले सांग!"

"जोडलेले इथून दिसून नाई राह्यले."

प्रणितनं रिसीव्हर आपटला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी अवलाद! तीन महिने मातीत गेले, असंच पायलला वाटलं. मग तिची नजर आपल्या मोबाइलच्या पडद्यावर गेली. शहाण्यानं साहेबाच्या टेबलावरच्या फोनवरूनच लावला होता, आणि नंबर तिच्याकडे आला होता.

तिनं तोच लावला.

"साहेब, मी कुरखेड्याहून पायल बोलते. आधी त्याच्या हातातला फोन काढून घ्या. काय दाबायचं ते मी सांगते."