चार हजार हर्ट्झपाशी

करवतीच्या दातांसारख्या सात लहरी. प्रत्येक दुसरीपासून केसभर सरकवलेली.

भिंतीला उभी लावलेली गादी. तिच्यावर कुणीही झोपत नाही.

"तिसऱ्यांदा हाक मारतेय. कानात बोळे घातलेत का?" (आई, दारातून.)

लीड_पक्का_३. लीड_पक्का_४. लीड_आता_खरंच_पक्का. लीड_आता_खरंच_पक्का_२.

शाळेत असताना धाकटा भाऊ माझ्या चित्रांच्या वहीत हत्तीला पाचवा पाय काढून ठेवायचा. विचारलं की म्हणायचा, मी नाही.

हल्ली सगळ्यांचेच लीड कर्कश झालेत. हे माझं मत. वर्षभरापासूनचं.

*

आता ओळीनं सांगते.

मी लीड बनवते. नाचाच्या गाण्यात एक जागा येते. ठोका थांबतो, हजार माणसं हात वर करून वाट बघतात, आणि मग एक सूर त्यांच्या अंगावर येऊन कोसळतो. घरी जाताना लोक जो गुणगुणत जातात, तो. त्याची चाल धाकटा बांधतो. त्याचा आवाज मी बांधते. ती चाल बासरीवर वाजवली तर गोड वाटेल आणि कुणी नाचणार नाही. माझं काम ते दोन्ही उलटं करायचं.

सिंथवर, म्हणजे आवाज घडवणाऱ्या कीबोर्डवर, एका साध्या लहरीपासून सुरुवात होते. एकीच्या सात करायच्या, त्या किंचित बेसूर करायच्या, की आवाज रुंद होतो. फिल्टर उघडायचा. सुराच्या सुरुवातीला टोक द्यायचं, म्हणजे तो दार ढकलून आत येतो. मग थोडी खराबी घालायची, जाणूनबुजून, कारण स्वच्छ आवाजाला धार नसते. आणि सगळ्यात शेवटी, जिथे टोचतं तिथे कापायचं. इक्यू उघडायचा, म्हणजे आवाजाचा कुठला भाग किती हवा ते ठरवणारा आलेख, आणि टोचणारी जागा शोधून तिथे रेघ खाली दाबायची.

हे शेवटचं काम मला फार चांगलं जमतं असा माझा लौकिक होता. "ताईचा लीड कानाला लागत नाही, तरी छातीत बसतो." हे वाक्य धाकट्याचं. तो जिथे जाईल तिथे सांगायचा.

माझी खोली आणि त्याची खोली यांच्यात एक भिंत आहे. मी फाइल पाठवायचे, आणि पाच मिनिटांनी भिंतीवर दोन टकटक ऐकू यायच्या: मिळाली. भिंतीपलीकडे तो काय करतो ते मी कधी पाहिलं नाही. लीड माझा, गाणं त्याचं. गाणं तयार होऊन आलं की मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, वा, काय लीड आहे.

*

टोपीचा फोन आला तेव्हा आई टेबल पुसत होती. टोपी म्हणजे तोच, ज्याच्या नावावर मैदानं भरतात आणि जो घरातसुद्धा टोपी काढत नाही. त्याला नव्या गाण्यासाठी लीड हवा होता. पण फाइल नको होती. मी यावं, त्याच्या स्टुडिओत बसावं, त्याच्यासमोर तो आवाज बनवावा, आणि त्याला आवडला तर पुढची सगळी गाणी माझ्याकडे.

"घरूनच पाठव ना," धाकटा म्हणाला.

"तो बोलावतोय मला."

"बोलावू दे. तू कुणासमोर काम करतेस का कधी? तुला मागे कुणी उभं राहिलं तरी चिडचिड होते."

"करेन सवय."

"मग मी येतो बरोबर."

"का? पाटी-पेन्सिल धरायला?"

आई हसली. तो नाही हसला. "ताई, ऐक ना माझं. या वेळी नको."

मला वाटलं, याच्या पोटात दुखतंय. आजवर लोक त्याला बोलवायचे आणि मी भिंतीमागे असायचे. मी तसं बोलूनही दाखवलं. माझ्या बॅगेत त्यानं दोन वायरी घातल्या, ज्यांची मला गरज नव्हती.

*

स्टुडिओत एक करडा सोफा, छतापर्यंत लाकडी पट्ट्या, आणि माझ्या उंचीचे दोन स्पीकर. टोपी जमिनीवर मांडी घालून बसला होता. मिक्सवाला खुर्चीत: पन्नाशीचा, चष्मा गळ्यात, थोडक्यात बोलणारा. टोपीच्या आणि आमच्याही सगळ्या गाण्यांवरचा शेवटचा हात त्याचा असतो.

सात लहरी. फिल्टर. टोक. खराबी. टोपी मान डोलवायला लागला. "हाच. हाच! बाई, हाच."

"थांबा, अजून व्हायचाय," मी म्हणाले, आणि टोचणारी जागा शोधून कापली.

टोपीची मान थांबली.

"काय केलंत?"

"शिट्टी वाजत होती, ती काढली."

"धार गेली हो."

मी वरचा भाग वाढवला. शिट्टी परत वाजायला लागली. अजून खोल कापली. टोपी मिक्सवाल्याकडे बघायला लागला. मिक्सवाल्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावरच्या आलेखाला बोट लावलं.

"चार हजारांपाशी हा एवढा खड्डा कशासाठी?"

"तिथेच शिट्टी आहे."

"मला नाही येत ऐकू."

"अहो, स्पष्ट आहे. बारीक, एकसारखी. आत्तासुद्धा."

त्यानं आवाजाचं बटण शून्यावर नेलं. "आता?"

"आता बारीक आहे. पण आहे. तुमच्या उजव्या स्पीकरमध्येच गडबड असणार."

तो उठला. स्पीकरच्या मागे गेला, वाकला, आणि प्लग हातात घेऊन उभा राहिला. वायर त्याच्या मनगटावरून लोंबत होती.

"आता?"

टोपी हसला. त्याला वाटलं आमचं काहीतरी चाललंय, जुन्या लोकांची थट्टा. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू विरलं.

लाकडी खोली. बंद स्पीकर. शिट्टी.

*

(त्या खोलीत मी आणखी किती वेळ होते ते मला सांगता येत नाही. चहा आला होता. त्यात साखर जास्त होती.)

*

निघताना मिक्सवाला दारापर्यंत आला.

"एक विचारू? राग मानू नका. भावाकडून येणारे तुमचे लीड तर भरलेले असतात. तिथे खड्डा नसतो."

"नसतो?"

"मी वीस-बावीस गाणी मिक्स केलीत तुमची. एकातही नाही."

*

धाकटा एका कार्यक्रमाच्या तयारीला गेला होता. मी त्याच्या खोलीत त्याच्या खुर्चीत बसले आणि शेवटचं गाणं उघडलं. पडद्यावर एकीखाली एक पट्ट्या, प्रत्येक आवाजाची एक. ठोका. खर्जातला बास. टाळ्या. आणि माझा लीड.

लीडच्या पट्टीवर एक छोटा चौकोन होता. त्यावर नाव लिहिलेलं: ताई.

उघडला. आतमध्ये एक सपाट रेघ, आणि चार हजारांपाशी एक उंचवटा. माझ्या खड्ड्यावर झाकणासारखा बसेल, नेमका तेवढ्या मापाचा.

आधीचं गाणं उघडलं. ताई.

त्याच्या आधीचं. ताई.

दर वेळी नव्यानं करायला नको म्हणून त्यानं तो साठवून ठेवला होता. नेहमी लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत, ठोका_जाडच्या खाली.

मी चौकोन बंद करून लीड ऐकला. चालू करून ऐकला. बंद. चालू. बंद.

काही फरक नव्हता.

*

"कधीपासून?"

"काय कधीपासून?" तो बूट काढत होता. मग त्याला आपला पडदा चालू दिसला. त्याचा एक बूट हातातच राहिला.

"मला मूर्ख समजतोस?"

"नाही गं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? 'ताई, तुझा कान गेलाय'? तू असं म्हणत बसायचीस की सगळ्या जगाचे लीड कर्कश झालेत. आणि मला वाटायचं, बोलायचं, आज बोलायचं. मग तू नवा लीड पाठवायचीस आणि तो, बाकी सगळा तो, इतका भारी असायचा, की म्हटलं, एवढा एक खड्डा तर भरायचाय. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचं."

"आधी पाच लागायची. मग... साठवून ठेवलं."

आई आतून ओरडली, "काय झालं? कोण भांडतंय?"

"कुणी नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"लोकांना माहितीये?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. आईशप्पथ."

"आता दोघांना माहितीये."

त्यानं बूट खाली ठेवला. मग परत उचलला आणि नीट, दुसऱ्याच्या शेजारी ठेवला.

"एकदा वाजव," मी म्हणाले. "मी पाठमोरी उभी राहते. लावून वाजव, काढून वाजव, पाहिजे त्या क्रमानं. मी सांगते."

"जाऊ दे ना, ताई."

"वाजव म्हणते ना."

भिंतीकडे तोंड करून मी दहा वेळा ऐकलं आणि दहा वेळा सांगितलं. लावलाय. लावलाय. काढलाय. तो प्रत्येक वेळी "हं" म्हणत होता, एकाच आवाजात, जेणेकरून मला काही कळू नये. शेवटी मी वळले.

"किती?"

"सात."

त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणजे, तोंडानं येत नाही.

"खरं सांग."

"चार."

*

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी शिट्टीलाच बटण दाबत राहिले. त्यांनी तीनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्या सुरात आईचा वैताग आला. नंतर त्यांनी एक कागद दाखवला. तो मला समजावून सांगावा लागला नाही. असे आलेख मी पंधरा वर्षं बघतेय. रेघ सरळ चालली होती आणि चार हजारांपाशी खाली पडली होती.

"हे भरता येतं का?"

"गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळा."

"आणि शिट्टी?"

"सवय होईल."

सवय तर कधीचीच झाली होती.

*

टोपीचा निरोप धाकट्याच्या फोनवर आला, माझ्या नाही. लीड ताईंचाच हवा, पण आधीसारखा. म्हणजे घरून आलेला. त्याला शब्द सापडत नव्हते, बिचाऱ्याला. 'आधीसारखा' तीनदा लिहिलं होतं. उद्या दुपारपर्यंत.

"नाही म्हणून कळव," मी म्हणाले.

"का? तू बनव. मी बसतो शेजारी."

म्हणून तो माझ्या खोलीत आला. आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या गादीला पाठ टेकून स्टुलावर बसला. आमच्यात भिंत नव्हती आणि ते दोघांनाही अवघडल्यासारखं होत होतं. सात लहरी. फिल्टर. टोक. खराबी. इथपर्यंत हातांना कुणाला विचारावं लागत नाही. मग शिट्टी आली. माझा हात आपोआप इक्यूकडे गेला.

"हात काढ, ताई."

"टोचतंय रे."

"टोचत नाहीये. तुलाच टोचतंय."

"थोडंसंच कापते. नखाएवढं."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. लहान असताना रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे तसा नव्हे. गरम भांड्यावरून बाजूला करावा तसा.

"मग कुठे थांबायचं ते मला कसं कळणार?" मी विचारलं. "आजवर टोचायचं थांबलं की लीड झाला, असं होतं. आता?"

"मी सांगेन."

"दर वेळी?"

पडद्यावरची रेघ सपाट होती. मी खराबी थोडी वाढवली आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. थोडी कमी केली. परत बघितलं. माझ्याच खोलीत, माझ्याच सिंथवर, मी त्याच्या भुवया वाचत होते. टोक थोडं उशिरा आणलं. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं आवडलं. मला वाटलं नाही आवडलं.

"झाला," तो म्हणाला.

"खरंच?"

"झाला गं."

मला तो लीड म्हणजे दाताखाली खडा आल्यासारखा वाटत होता.

"भारी आहे?"

"खूप."

तो तोंडानं बोलत होता, म्हणून मी विश्वास ठेवला. फाइलला काय नाव द्यायचं ते त्यानं विचारलं. मी म्हणाले, तूच दे. त्यानं माझं नाव दिलं आणि पाठवून दिली.

*

डॉक्टरीणबाईंच्या नोंदवहीत माझं नाव आधीच होतं: मागच्या वर्षी धाकट्यानं सोळा जूनची, सकाळी साडेदहाची, कान तपासायची वेळ माझ्या नावानं घेतली होती, आणि पंधरा जूनला ती रद्द केली होती.