अंजनाबाईंचा माग

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो, आणि नवे कोरे सूत माझ्या वाट्याला फारसे कधी आलेच नाही. माझ्यावर विणल्या गेल्या त्या चिंध्यांच्या दऱ्या, म्हणजे बसायच्या सतरंज्या. फाटकी लुगडी, विरलेली धोतरे, शाळेच्या गणवेशाचे तुकडे, उसवलेल्या उशांचे अभ्रे, हेच माझे अन्न.

नागपुरात सक्करदऱ्याला विश्वनाथ नावाचे एक सुतार होते. पासष्ट-सहासष्ट साल असेल. त्यांनी एका मोडक्या बैलबंडीचे लाकूड सोडवून मला घडवले. नवे लाकूड घ्या, असे कुणीतरी सुचवले होते. पण ज्यांनी मला करायला सांगितले त्या सिंधूताईंनी ऐकले नाही. जुन्या कापडाचा माग जुन्याच लाकडाचा हवा, असे त्या म्हणाल्या.

सिंधूताई शाळेत शिकवत. एकदा त्या सावनेरकडच्या खेड्यांत गेल्या, तेव्हा तिथली मुले थंडीच्या दिवसांत सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसून पाढे म्हणताना त्यांनी पाहिली. इकडे शहरात घराघरांतून फाटके कपडे उकिरड्यावर जात होते. त्यांच्या मनात एक गोष्ट आली. शहरातले जुने कपडे गोळा करायचे, त्यांच्या दऱ्या विणायच्या आणि खेड्यांतल्या शाळांना द्यायच्या. दरी झिजली की ती परत आणायची आणि तिचे तुकडे कारखान्यांत यंत्रे पुसायला पाठवायचे. एकही धागा फुकट जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी भैय्याजी नावाच्या कापड व्यापाऱ्यांनी आपली एक रिकामी खोली दिली. तिथे दऱ्या विणण्याचे केंद्र सुरू झाले आणि ते त्याच्या कमिटीचे अध्यक्ष झाले. माणूस दिलदार होता, हे मी सांगायलाच हवे.

आणि मग अंजनाबाई आल्या.

त्या विणकराच्या घरातल्या. नवरा गिरणीत होता, तो वारला होता. घरात प्रेमलता नावाची एक मुलगी. अंजनाबाई माझ्या फळीवर बसल्या, त्यांनी पायाने पट्ट्या दाबून पाहिल्या, माझ्या लाकडावरून हात फिरवला आणि काम सुरू केले. त्या दिवसापासून मला त्यांची इतकी सवय झाली, की दुसरे कुणी बसले तर माझे सूत तुटायचे.

तेव्हा चिंध्या आधी विहिरीच्या पाण्यात उकळून धुतल्या जात, अंगणात वाळत आणि मगच आत येत. आठ-दहा बाया दारापाशी बसून त्यांच्या पट्ट्या फाडत. गप्पा चालत. कुणाच्या लग्नातले लुगडे, कुणाच्या लेकराचे झबले, हे ओळखण्याचा खेळ चाले. अंजनाबाई पट्ट्यांचे रंग असे जुळवत, की सावनेरच्या एका गुरुजींनी मुलांना दरीवर बसवण्याआधी ती भिंतीवर टांगून दाखवली होती.

एक दिवस त्यांनी घरून एक पांढरे लुगडे आणले. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी त्या नवऱ्याच्या शेजारी तेच नेसून उभ्या होत्या. आता ते इतके विरले होते, की घडी घालतानाही फाटत होते. त्याच्या पट्ट्या त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिल्या नाहीत. त्यांनी ती दरी वस्तीतल्या बुद्धविहाराला दिली. ती विणताना त्यांनी पट्ट्या घट्ट बसवणारी माझी फणी एकदाही जोरात ठोकली नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुंदर दरी.

मग बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला. विहीर आटली. सक्करदऱ्याच्या तलावाचे पाणी मागे मागे सरकत गेले. माणसांना प्यायला पाणी नव्हते, तिथे चिंध्या कोण धुणार? त्यातच दुष्काळी कामांवर माती उचलणाऱ्या बायांच्या तान्ह्या लेकरांसाठी दऱ्यांची मागणी आली. नाही म्हणणे कुणाच्याच जिवावर आले. म्हणून चिंध्या न धुताच फाडायला घेतल्या. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून दारे बंद. खोलीला खिडकी नव्हती. जुन्या कापडातली धूळ आणि बारीक तंतू धुक्यासारखे भरून राहत. माझ्या खाचा त्यांनी बुजून जात. विश्वनाथ येऊन त्या साफ करत. अंजनाबाईंची छाती कोण साफ करणार होते?

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहीर भरली. पाणी परत आले, मित्रांनो, पण धुणे परत आले नाही. न धुता काम लवकर होते, हे सगळ्यांच्या लक्षात आले होते. दऱ्या दुपटीने निघत होत्या. केंद्राचे नाव होत होते. बाहेरगावची माणसे पाहायला येत आणि आमच्याकडेही असे केंद्र काढू म्हणत.

अंजनाबाईंना खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. सिंधूताईंनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. या धुळीतून बाहेर पडा, एवढेच डॉक्टर म्हणाले. काही दिवसांनी अंजनाबाई तोंडाला फडके बांधून परत माझ्या फळीवर येऊन बसल्या.

"अंजनाबाई, घरी बसा," सिंधूताई म्हणाल्या. "मी दुसरी बाई पाहते."

अंजनाबाईंनी धोटा खाली ठेवला. "दुसरीले काय छाती नाही का, ताई? मले घरी काहून बसवता? चिंध्या धुवून द्या. त्या भिंतीले एक खिडकी पाडून द्या. मंग मी कुठीच जात नाही."

सिंधूताई त्याच दिवशी भैय्याजींकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भैय्याजी नाही म्हणाले नव्हते. समोर मोठे प्रदर्शन आहे, भिंत फोडायची म्हणजे काम थांबेल, प्रदर्शन झाले की पाहू, असे ते म्हणाले होते. सिंधूताईही गप्प राहिल्या. प्रदर्शन त्यांनाही हवे होते.

मला उचलून प्रदर्शनात नेले. झेंडूचा हार घातला. टाकाऊतून टिकाऊ कसे होते, यावर भाषणे झाली. भैय्याजींचा सत्कार झाला, सिंधूताईंचाही झाला. अंजनाबाईंना विणून दाखवायला बसवले होते. पण भाषणात खोकल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा कुणीतरी त्यांना हळूच बाहेर बसायला सांगितले. त्या मंडपाच्या मागे, ताटल्या धुणाऱ्या बायांजवळ जाऊन बसल्या. माझ्या गळ्यात हार होता आणि माझी फळी रिकामी होती.

त्या वर्षीच्या हिवाळ्यातच त्या गेल्या. शेवटी त्यांना आडवे झोपताही येत नव्हते. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेल्या.

आठवड्याच्या आत भिंत फोडली गेली. खोलीत पहिल्यांदा ऊन आले, हवा खेळू लागली. चिंध्या पुन्हा धुऊन येऊ लागल्या. भैय्याजी एकदा येऊन त्या खिडकीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले. सिंधूताईंनी प्रेमलताला बोलावून आईची जागा देऊ केली. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मले नाही बसाचं याच्यावर," एवढेच ती बोलली.

मला वाईट वाटले. पण तिचे काही चुकले असे मला कधी वाटले नाही.

पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या चटया आल्या. दऱ्यांची मागणी घटली, बाया पांगल्या, सिंधूताई थकल्या. केंद्र बंद झाले, तेव्हा एका शाळेने मला नेऊन व्हरांड्यात उभे केले. माझ्यावर एक पाटी लावली. तिच्यावर केंद्राचे नाव आहे, अध्यक्षांचे आहे, मी किती दऱ्या विणल्या तेही आहे.

एकदा त्या शाळेत मुलांना लस टोचायला एक नर्स आल्या. काम आटोपल्यावर गुरुजी त्यांना कौतुकाने माझ्यापाशी घेऊन आले आणि पाटी वाचून दाखवू लागले. मी त्यांना लगेच ओळखले. त्या प्रेमलता होत्या. त्यांनी पाटी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग माझ्या फळीवर, बसून बसून खोलगट झालेल्या जागी, हात ठेवला.

"गुरुजी, इथं माही माय बसे," त्या म्हणाल्या. "अंजनाबाई नाव होतं तिचं."

गुरुजींनी वर्गातून खडू आणून पाटीच्या खाली ते नाव लिहिले. खडूचेच अक्षर ते. पावसाळ्यापर्यंत टिकले.

मित्रांनो, जुने कपडे फेकू नका, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतील आणि ते खरेच आहे. मी तुमच्याकडे आणखी एक मागतो. जुन्याचे नवे करणारी माणसे कुठे बसतात, कोणती हवा छातीत घेतात, ते एकदा आत जाऊन पाहा. फाटक्या लुगड्याला मी दुसरा जन्म देऊ शकलो. अंजनाबाईंना देता आला नाही.